पितांबर नाना आणि गाडीचा मान

पितांबर नानांची गाडी उभी राहिली की शेपूट वर करते. चालताना मात्र कधीच नाही.

खरं तर तिने चालतानाच करायला हवी. गाडी बॅटरीवरची, सुरतेहून जुनी घेतलेली, पांढरी आणि चपट्या पोटाची. डिकीच्या झाकणावर एक काळी आडवी पट्टी आहे, तिला स्पॉयलर म्हणतात. गाडी ताशी ऐंशीच्या पुढे गेली की ही पट्टी आपोआप उचलली जाते, वारा तिला खाली दाबतो आणि मागची चाकं रस्त्याला धरून राहतात. वेग उतरला की पट्टी पुन्हा आडवी होते, वाऱ्याला अडत नाही, बॅटरी वाचते. बनवणाऱ्याने एवढा शहाणपणा त्यात भरला होता. अडचण एकच होती. नाना साठच्या वर जात नाहीत.

नानांनी तीस वर्षं एस.टी. चालवली. ब्राह्मणपुरीचे ते, केळीची थोडी शेती आहे, पण शेतकरी म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. शहादा तालुक्यात ते अजून 'डायवर नाना'च आहेत. "साठना वर पाय जातच नही रे," ते सांगतात, "पायले कुलूप लागेल शे." मग एवढी शर्यतीची गाडी घेतली कशाला, असं कोणी विचारलं की नाना उत्तर न देता गाडी बाजूला लावतात, आतल्या काचेच्या पाटीवर बोट ठेवतात, आणि मागे 'झूंऽऽ' करत पट्टी वर येते. खालची धूळ पुसता यावी म्हणून कंपनीने ती उभ्या गाडीत उचलायची सोय दिलेली आहे. अख्ख्या गाडीतलं नानांना पाठ असलेलं बटण तेवढंच.

मी दिलीप. मूळचा ब्राह्मणपुरीचाच, पण आता दुकान आणि घर दोन्ही शहाद्यात. जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देणं हा माझा धंदा. तांब्याची तार, वार्निशचा वास आणि बाहेर कपाळाला हात लावून बसलेले शेतकरी, असं माझं दुकान. नानांशी मी जे वागलो ते सांगायची मला लाज वाटते. म्हणून आधी हसण्यासारखं सांगून घेतो, तेवढाच धीर येईल.

नाना गाडी सुरू करतात ते घंटी झाल्याशिवाय नाही. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो, तेव्हा ती चालू झाली की नाही हे नानांना पटत नाही. शेजारी बसेल त्याने तोंडाने 'टण टण' म्हणायचं. एकदाच 'टण' म्हटलं तर गाडी जागेवर थांबते, मग मागून ट्रक का येत असेना. एकदा मी विनोदाने 'टण' म्हणालो तर त्यांनी मला भर चौकात विचारलं, "कोन उतरी ऱ्हायना?" कोणी उतरत नव्हतं. शेवटी मीच उतरलो.

रोज सकाळी ते पुढचं झाकण उघडून पाणी बघतात. तिथे इंजिन नाही, नुसता एक रिकामा खण आहे. त्यात नानांनी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आहे. तो भरलेला दिसला की समाधानाने मान हलवतात आणि झाकण लावतात. कुठे पोहोचले की पोहोचलो म्हणत नाहीत, "गाडी लागनी" म्हणतात, जणू तुमचं अंगण म्हणजे फलाट आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत तर त्यांनी घोडेबाजाराच्या कडेला गाडी लावून पट्टी वर केली. लोक घोडे सोडून इकडे जमले. पंजाबकडचा कोणी, गुजरातचा कोणी, सगळे वाकून वाकून बघत होते. तेवढ्यात एका घोडेवाल्याने हात जोडले, "ओ नाना, तुम्हना घोडाले सांगा, शेपटी खाले कर. मन्ही घोडी बिचकी ऱ्हायनी!" खरंच त्याची पांढरी घोडी मागच्या पायांवर नाचत होती. नानांनी लगेच पट्टी खाली केली आणि घोडीची माफी मागितली. घोडेवाल्याची नाही, घोडीची.

आता खोटं कशाला बोलू, ती पट्टी वर येताना बघायला मलाही आवडायचं. दुकानासमोर गाडी लागली की माझं हातातलं काम थांबायचं. उपयोग शून्य होता, पण एखादी वस्तू आपली आपण, घाई न करता उठून उभी राहते, यात काहीतरी आहे. मोटार जळाल्याच्या दुःखात बसलेले लोकसुद्धा तेवढ्यापुरते पुढे सरकायचे.

पण वस्तू जितकी नाजूक तितकी तिची सेवा जास्त. पट्टीखाली बोटभर फट आहे. त्या फटीत आपल्या मुलखात जे जे उडतं ते सगळं जातं. शेतातली माती, उसाचा भुसा, नानांच्या दारातल्या कडुलिंबाचा फुलोरा. एकदा कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं, तेव्हा पट्टी निम्मी वर येऊन थांबली. आतली मोटार अंगठ्याएवढी. तिला जरा अडथळा लागला की ती हट्टाने बसते, आणि पुढच्या पाटीवर इंग्रजीत तक्रार उमटते. ती नानांना वाचता येत नाही, म्हणून ते तिचा फोटो काढून मला पाठवतात. सुरतेच्या वर्कशॉपने फोनवर सांगितलं की दुरुस्ती होत नाही, अख्खं डिकीचं झाकणच बदलावं लागेल. तेव्हापासून तिचा डॉक्टर मी.

पहिल्यांदा नाना आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "दिलीप, गाडीना मान वर व्हई नही ऱ्हायना."

मी हसलो. "नाना, मान पुढे ऱ्हास. मागे ऱ्हास ती शेपूट. आनि मान बाई शे. 'गाडीना' नही, 'गाडीनी मान' म्हनतस."

"तुन्हा घरनी मान बाई व्हई," नाना शांतपणे म्हणाले. "मन्हा गाडीना मान बुवा शे."

हा विनोद मी पुढे तीन वर्षं वापरला. नाना गेले की मी त्यांची नक्कल करायचो, कमरेवर हात ठेवून मागची बाजू हळूहळू उचलायचो आणि म्हणायचो, 'झूंऽऽ, मान बुवा शे!' शहाद्याची गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. ब्राह्मणपुरीचं कोणी असलं तर ते मात्र हसत नसत, खाली बघत. मला वाटायचं, मोटार जळाली आहे बिचाऱ्याची, हसणार कुठून.

त्या पहिल्या खेपेला पट्टी उघडली तर आतून लाल भुकटी उडाली आणि मला लागोपाठ शिंका आल्या. मिरची होती. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत. तिथून नुसतं गेलं तरी माणूस शिंकत घरी येतो. ब्राह्मणपुरीच्या गाडीत ही आली कुठून?

"नंदुरबारले गयथू," नाना म्हणाले.

"कसाले?"

"ड्युटी व्हती."

निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी म्हाताऱ्याची ड्युटी संपत नाही, असं मनात म्हणत मी मोटार पुसून बसवली. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि आखाजीला, ती मिरची ठरलेली. दिवाळीचं नाना काही म्हणायचे नाहीत. आखाजीची मात्र त्यांना भारी घाई. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात ती लेकीबाळींची. झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, खापरावरचे मांडे खायचे. चैत्र लागला की नाना दर दोन दिवसांनी येऊन पट्टी उचलून दाखवायचे. "काही व्हवो, पन आखाजीले मान वर व्हवाले पाहिजे."

आणि दर वर्षी निघताना एक वाक्य ठरलेलं. "आखाजीले गाडी लागी ऱ्हायनी. एक सीट खाली शे. येस का?"

मला वाटायचं म्हाताऱ्याला मिरवायला सोबत हवी आहे. वैशाखात माझ्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. "नाना, सीझन शे ना. मोटारी कोन भरी? पुढला साल देखसूत."

"पुढला साल," नाना म्हणायचे. तेवढंच म्हणून पट्टी खाली करायचे आणि जायचे.

या वर्षीच्या आखाजीला चार दिवस राहिले होते. दुकानाबाहेर अकरा मोटारी पडलेल्या, त्यांवर त्यांचे मालक बसलेले, केळी सुकताहेत म्हणून सगळे माझ्या नावाने बोटं मोडताहेत. त्यात नाना आले. पंधरवड्यातली तिसरी खेप. पट्टी वर येताना कडकड वाजत होती. आतल्या चाकाचा एक दात झिजला होता. नीट करायला दोन तास तरी लागले असते.

मी दोन तास दिले नाहीत. नानांना बाहेर बसवलं, डिकी उघडली, आतून वायरीचं टोक काढून ठेवलं, आणि पट्टी खडखडू नये, पुन्हा उठूही नये, म्हणून तिचे दोन्ही हात दोन स्क्रूंनी पत्र्याला कसून टाकले. माझी एक सवय आहे. मी कसलेल्या प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो, म्हणजे मोटार दुसऱ्या कोणी उघडली तर कळतं. त्या दोन स्क्रूंवरही हाताने आपोआप ठिपके दिले. मग बाहेर येऊन म्हणालो, "नाना, बोर्ड उडी गया. आते ह्या वर व्हत नही."

"हातवरी?"

"हातवरी बी नही."

नाना पट्टीवरून तळवा फिरवत राहिले. "चार दिवसवर आखाजी शे रे."

"मंग? आखाजीले काय गाडीले झोका बांधतस का?"

मोटारींवर बसलेले दोघं-तिघं हसले. नाना हसले नाहीत. गाडीत बसले आणि कोणालाही 'टण टण' म्हणायला न लावता निघून गेले. ते माझ्या लक्षात आलं. लक्षात येऊनही मला सुटल्यासारखंच वाटलं, हे इथे कबूल करतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता, माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या नवऱ्याचा. ते नंदुरबारला राहतात, मिरचीच्या पथारीमागच्या गल्लीत. रवींद्र पाहुणे स्वभावाने मुखदुर्बळ. मला ते सणासुदीलाच फोन करतात. मागच्या दिवाळीत म्हणाले होते, "दादा, तुम्हनी गाडी भारी शे." मी समजलो माझ्या मोटारसायकलविषयी बोलताहेत, आणि ॲव्हरेज सांगून मोकळा झालो.

आज ते घाबरेघुबरे होते. "दादा, तुम्हनी गाडी उनी. पन आवंदा तिना मान वर व्हई नही ऱ्हायना."

"मन्ही गाडी?"

"मंग? दरसाल धाडतस ना तुम्ही, सुमनले लेवाले. मन्ही माय कालदिनपासून वाट देखी ऱ्हायनी. म्हनस, मान वर व्हयना नही, भाऊ नाराज शे का काय? तुम्ही मोठा मिस्तरी, सांगा ना कसं करानं."

आणि त्यांनी फोन फिरवला.

गल्लीत पांढरी गाडी उभी होती. भोवती पंधरा-वीस माणसं. ओट्यावर खाट टाकून सुमनची सासू बसली होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून. दारात सुमन. नवी साडी, हातात पिशवी, पायात चपला घालून तयार. गाडीच्या मागच्या सीटवर आमच्या गावच्या दोन बाया दिसत होत्या. आणि डिकीत अर्धे शिरलेले नाना, डोक्यावर ओला टॉवेल, उन्हात त्या पट्टीला आतून दोन्ही हातांनी वर रेटत होते.

आता मुराळ्याविषयी सांगायला हवं. आखाजीला लेक माहेरी येते, पण आपल्या पायांनी येत नाही. तिला न्यायला कोणीतरी यावं लागतं, भाऊ, बाप, चुलता, जो असेल तो. त्याला मुराळी म्हणतात. ज्या सुनेला मुराळी येत नाही तिच्याविषयी गल्ली काय बोलते ते बोललेलं नसतं, पण ऐकू येतं. आमची आई होती तोवर मी जायचो, कारण आई पाठवायची. आई गेली आणि मी जाणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. सीझन असायचा. कोणाच्या तरी हाती साडी धाडायचो आणि फोनवर म्हणायचो, सुमन, पुढल्या वर्षी नक्की. सात-आठ वर्षांत मी त्या दारात पाय ठेवला नव्हता. तिने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही, आणि मी तो शब्द नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चाललो.

ते सगळं मला त्या फोनच्या चौकटीत एकदम कळलं. गाडीना मान. बुवा मान. म्हातारा व्याकरणात चुकत नव्हता. सुनेच्या दारात तिच्या माहेरचा मान वर करत होता, आणि तो माझ्या नावावर खपवत होता. मी त्याला शेपूट म्हणून नाचून दाखवलं होतं. दुकानात बसलेल्यांनी फोनमध्ये बघू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

"दादा, आवाज येस ना?" पाहुणे विचारत होते. "काहीतरी सांगा."

सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते पंधरा-वीस माणसांसमोर सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच नाना डिकीतून बाहेर आले. त्यांना ते सापडलं होतं. त्यांनी पाहुण्यांकडून फोन घेतला आणि आत धरला. दोन नवेकोरे स्क्रू, दोन लाल ठिपके. मग फोन आपल्या तोंडासमोर आणला. नाना माझ्याकडे बघत होते. घामाने भुवया चिकटल्या होत्या. मी आयुष्यात इतका वेळ कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"दिलीप," नाना मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वाटमा खडखड नको व्हवाले म्हनीसन तू ह्या दोन स्क्रू कसी देयेल शेतस ना?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "हा नाना."

"मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं. मंग आते काढू ना?"

"काढा. आनि... आत निळी वायर लटकेल व्हई, ती दाबी द्या."

पाहुणे आपल्या आईला कौतुकाने सांगत होते, "देख माय, दादानी आठेपावत येवापुरता कसी देयेल व्हता!" नानांनी स्क्रू काढले, वायर बसवली, पुढे जाऊन बोट ठेवलं. झूंऽऽ. पट्टी उठू लागली, निम्म्यात कडकड करून थांबली. गल्ली पुढे सरकली. मीही इकडे शहाद्यात श्वास धरून उभा. मग तो झिजलेला दात कसाबसा पुढे सरकला आणि पट्टी पूर्ण वर आली.

"वर व्हयना वं माय!" सासू टाळी वाजवून म्हणाली. "नही शे नाराज भाऊ."

सुमनने आधी नानांकडे बघितलं, मग फोनकडे. तिला माहीत होतं की गाडी मी धाडलेली नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने पदर सारखा केला, सासूच्या पाया पडली आणि गाडीत बसली. कोणीतरी 'टण टण' म्हणालं. बहुतेक तीच.

मी अकरा मोटारींच्या अकरा मालकांना हात जोडले, शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली.

ब्राह्मणपुरीत आमच्या घराला कुलूप असतं. आखाजीला आलेली माझी बहीण तीन वर्षं त्या कुलपावरून पुढे जाऊन नानांच्या दारात उतरत होती. मी पोहोचलो तेव्हा नानांच्या लिंबाला झोका बांधला होता. नानी चूल पेटवून खापरावरच्या मांड्यांची तयारी करत होत्या. सुमन आणि त्या दोघी, एकीला बाप-भाऊ कोणीच नाही, दुसरीचा भाऊ माझ्यासारखाच, झोक्यावर पाळीपाळीने बसत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या बाया, पोरींसारख्या भांडत होत्या. मला बघून सुमन झोक्यावरून उतरली.

"तू कसाले उना? सीझन शे ना तुन्हा?"

टोमणा असता तर सोसला असता. तिला खरोखर माझ्या दुकानाची काळजी वाटत होती.

"सुमन, तू माले सांगं का नही?"

"काय सांगू? तुले वाईट वाटनं असतं." ती झोक्याची दोरी हातात फिरवत राहिली. "नाना म्हने, तुन्हा भाऊले मी दरसाल इचारस. एक दिन येईच तो."

एक सीट खाली शे, येस का. तीन वर्षं नाना मला विचारत होते आणि मी त्यांना सीझन सांगत होतो.

मी नानांजवळ जाऊन बसलो. माफी कशी मागतात ते मला येत नाही. गिऱ्हाइकाची मोटार पुन्हा जळाली तरी मी विजेच्या नावाने बोट दाखवतो. "नाना, मन्ही चूक व्हयनी," एवढंच म्हणालो.

"दात गयेल शे तिना," नाना गाडीकडे बघत म्हणाले. "आखाजी झाई की देख."

मग बऱ्याच वेळाने, कोणी विचारलं नसताना, आपणच बोलू लागले. नाना नेहमी मोठ्याने बोलतात. त्या दिवशी मला पुढे वाकावं लागलं.

"आखाजीले जादा गाड्या सुटेत. तीस वरीस माले कधी सुटी नही भेटनी. सारा तालुकान्या लेकी-आंडेरी मी माहेरले लई उनू. मन्ही बहीन येसू, तिना गावना स्टॅंडवर मन्हीच गाडी थांबे. दोन मिनिट. ती मन्हासाठे मांडा बांधीसन उभी ऱ्हाये. खिडकीमाईन देये. इचारे, दादा, आवंदा मुराळी येस का? मी म्हनू, पुढला साल." नानांनी पाय जवळ घेतले. "कंडक्टर डबल घंटी दे, मी गाडी काढी लेऊ. मंग एक आखाजीले ती स्टॅंडवर नही व्हती. माले वाटनं घरमा काम व्हई. दोन मिनिट थांबनू नि निंघी गयू."

ती बाळंतपणात गेली होती, आठ दिवसांपूर्वी. निरोप डेपोत आला होता, नाना रस्त्यावर होते. हे नंतर नानींनी सांगितलं. नाना तेवढ्यावर उठून गाडीच्या फटीतला लिंबाचा फुलोरा काडीने काढू लागले. मी दुसरी काडी घेऊन दुसऱ्या टोकाने सुरुवात केली.

आखाजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी सुमनला सासरी सोडायचं होतं. मी म्हणालो, मी नेतो. नानांनी चावी दिली, पण गाडी एकट्याच्या हाती सोडली नाही. स्वतः मागच्या सीटवर कंडक्टर होऊन बसले. प्रकाशाचा पूल ओलांडेपर्यंत तीनदा "साठ!" म्हणून ओरडले.

गल्लीत गाडी लागली. सासू ओट्यावरच होती. मी काचेच्या पाटीवर बोट ठेवलं. झूंऽऽ. पट्टी निम्मी उठली आणि त्याच झिजलेल्या दातावर कडकडून तिथेच बसली. मी पुन्हा दाबलं. हलेना. उतरलो, मागे गेलो, बोटांनी उचकटून बघितलं. गल्ली बघत होती. शहाद्यातला मोठा मिस्तरी घामाघूम झाला. इतक्या वर्षांनी सासूने मला ओळखलं नाही.

"त्या नानाले बराबर जमे," सासू डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे निरखत म्हणाली. "सुमन, आवंदा डायवर नवा शे का वं?"

सुमन घाईने म्हणाली, "नही माय, ह्या तर..."

भाऊ हा शब्द तिच्या तोंडून त्या दारात बाहेर पडला असता तर मला तो पेलला नसता. मी मध्येच म्हणालो, "हा माय, नवा शे."

मागची काच खाली झाली आणि नानांनी डोकं बाहेर काढलं. "नवा शे," ते म्हणाले, "आठ साल उशीर करीसन भरती व्हयना. पन शिकी जाई."